गुण खेळाडूचे की पात्राचे? बेळगावच्या एका टेकन लीगचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी इथल्या मुलामुलींनी मिळून चालवलेल्या, टेकन ८ या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेमच्या एका ऑनलाइन लीगची ही हकिकत आहे. नावं दिलेली नाहीत. लीगमध्ये प्रत्येकाला त्याच्या पात्रावरून हाक मारायची पद्धत आहे, तीच इथे ठेवली आहे: काझुयावाला, किंगवाला, शाओयूवाली. गुणांचे आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत, त्यांच्यामागचं गणित मात्र जसंच्या तसं आहे.

लीग जन्मली टिळकवाडीतल्या एका गेमिंग पार्लरमध्ये. तिथल्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये टेकन ८ आला तेव्हा पार्लरमध्ये संध्याकाळी उभं राहायला जागा नसायची. मग काहींनी घरी कन्सोल घेतला, काहींनी कॉम्प्युटरवर खेळायला सुरुवात केली. निपाणीची मुलं हायवेनं यायची ती घरूनच खेळू लागली, खानापूरकडून दोघी-तिघी जोडल्या गेल्या, बैलहोंगलकडचा एक कन्नडभाषक मुलगा आला. नियमांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिला गेला. पैसे लावून खेळण्याचा इथे काही संबंध नव्हता. शेवटच्या फेरीत पोचलेल्या आठ जणांना पार्लरच्या मोठ्या स्क्रीनवर खेळायला मिळायचं आणि जिंकणाऱ्याला एक कंट्रोलर. पण त्या आठांत येण्यासाठी मुलं जी धडपड करायची ती पाहण्यासारखी होती.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. गुणतक्ता माझ्याकडे होता. तो साध्या एलो पद्धतीचा होता. आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी मांडलेली ही पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० साली स्वीकारली आणि आजच्या बहुतेक ऑनलाइन खेळांच्या क्रमवारीचा पाया तीच आहे. दोघांच्या गुणांत २०० चा फरक असेल तर वरचा शंभरात साधारण ७६ वेळा जिंकेल असं ती धरते. ४०० चा फरक असेल तर ९१ वेळा. अपेक्षेप्रमाणे निकाल लागला तर गुण थोडेच हलतात, उलटा लागला तर जास्त. आमच्याकडे एका सामन्यात जास्तीत जास्त ३२ गुण हलू शकत होते.

तक्त्यात प्रत्येक खेळाडूची एकच ओळ होती. तो कुठलं पात्र घेऊन खेळला याची नोंदच नव्हती. सगळ्या प्रकरणाची मुळं तिथे आहेत.

अडचण

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात काझुयावाला १८२० गुणांवर होता. पहिला नंबर पक्का, शेवटच्या फेरीतली जागा पक्की. उरलेले सामने त्यानं एडी घेऊन खेळायचं ठरवलं. त्यात वावगं काही नव्हतं. एडी गोर्डो एप्रिल २०२४ मध्ये खेळात नव्यानं आला होता आणि त्याला तो शिकायचा होता.

त्याच्यासमोर आला शहापूरचा एक मुलगा, गुण १४२०. तीन सामने झाले, तिन्ही शहापूरच्या मुलानं जिंकले. तक्त्याच्या लेखी १४२० वाल्यानं १८२० वाल्याला तीनदा लोळवलं होतं. पहिल्या विजयाचे त्याला २९ गुण मिळाले, दुसऱ्याचे २८, तिसऱ्याचे २७. तो १५०४ वर गेला आणि आठव्या जागेवर आला. आठव्या जागेवर त्याआधी १४९० गुणांनिशी निपाणीचा किंगवाला होता. तो नववा झाला.

त्या रात्री त्याचा फोन आला. "सर, त्यानं एडी घेऊन टाइमपास केला, आणि माझी सीट गेली की! मी वर्षभर किंग घासलोय."

त्याचं घासणं मी पाहिलं होतं. किंग हे कुस्तीगिराचं पात्र आहे, जग्वारचा मुखवटा घातलेलं. त्याचा सगळा खेळ पकडींचा. समोरच्यानं पकड सोडवायची तर कुठला हात पुढे आला ते पाहून तेच बटण दाबावं लागतं: डावा आला तर डावं, उजवा आला तर उजवं, दोन्ही आले तर दोन्ही. म्हणून किंगवाल्याला समोरच्याच्या नजरेशी आणि सवयीशी खेळावं लागतं. हा मुलगा प्रत्येक खेळाडूची वही ठेवायचा. कोण घाबरला की डावंच बटण दाबतो, कोण दोन पकडी सोडवल्या की तिसऱ्या वेळी खाली वाकतो, हे त्यात तारखेवार लिहिलेलं. आमच्या तक्त्यात या मेहनतीला स्वतंत्र जागा नव्हती.

काझुयावाल्याच्या बाजूनंही पाहिलं पाहिजे. पार्लरमध्ये त्याच्या मागे उभं राहून त्याचा काझुया पाहणं हा एक अनुभव असतो. 'इलेक्ट्रिक' हा काझुयाचा नावाजलेला ठोसा: स्टिक पुढे, मग मोकळी, मग खाली, आणि मग खाली-पुढे जाताना ज्या फ्रेमला दिशा पोचते त्याच फ्रेमला उजव्या ठोशाचं बटण. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र; टेकन सेकंदाला ६० फ्रेमनी चालतो, म्हणजे ही संधी सेकंदाच्या साठाव्या भागाची. चुकलं तर साधा ठोसा पडतो, आणि समोरच्यानं तो अडवला तर उलट मार खायची वेळ येते. हा मुलगा शेंगा खात गप्पा मारता मारता एकामागून एक इलेक्ट्रिक काढायचा. तोच मुलगा एडी घेतला की दोन चाली जोडताना अडखळायचा. १८२० हा आकडा त्याच्या काझुयाबद्दल खरा होता. त्याच्या एडीबद्दल तो काहीच सांगत नव्हता, आणि आम्ही मात्र तो एडीच्याही गळ्यात बांधला होता.

तक्रार आली तेव्हा हंगाम संपला होता. पहिला निर्णय तिथेच घ्यायचा होता: निकाल फिरवायचा का? अण्णांचं म्हणणं स्पष्ट होतं की नियम आधी सांगितलेले होते, शहापूरच्या मुलानं कुठलाही नियम मोडला नाही, त्याला मिळालेली जागा काढून घेता येणार नाही. ते बरोबर होतं. जागा तशीच राहिली. किंगवाल्याला तक्ता बदलायच्या समितीत घेतलं. तो आला, हे मला फार मोलाचं वाटतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं आपली जागा गेलेली असताना पुढच्या वर्षीच्या सगळ्यांसाठी बसून काम करणं सोपं नसतं.

समोरचे पर्याय

समितीत अण्णा, किंगवाला, इंजिनिअरिंगला असलेली खानापूरची शाओयूवाली, बैलहोंगलचा मुलगा आणि मी. पहिल्या बैठकीत सगळ्यात आधी आला तो पर्याय पात्र बांधून टाकण्याचा: हंगामाच्या सुरुवातीला एक पात्र निवडायचं आणि शेवटपर्यंत तेच. शाओयूवालीनं तो तिथल्या तिथे खोडून काढला. लढतींच्या स्पर्धांत हरलेल्याला पात्र बदलायची मुभा असते आणि जिंकलेल्याला तेच ठेवावं लागतं, ही जुनी रीत. कुणासमोर काय काढायचं हेही कौशल्यच आहे, ते मारून टाकलं तर खेळ अर्धा होतो. शिवाय नवं पात्र शिकण्याची वाटच बंद.

दुसरा पर्याय पात्रावर घालवलेल्या वेळाला मान देण्याचा. मोठ्या खेळांत हे सर्रास दिसतं. लीग ऑफ लेजंड्समध्ये २०१५ पासून चॅम्पियन मास्टरी, म्हणजे एकाच पात्रावर खेळून वाढणारी पातळी, आहे, डोटा २ च्या डोटा प्लसमध्ये २०१८ पासून नायकांच्या पातळ्या आहेत. मुलांना ते बिल्ले आवडतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्यांचा मोठा भाग खेळत राहण्यातून येतो. ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त त्याचा बिल्ला मोठा. आमच्याकडे तर काही मुलं शेतावर किंवा दुकानात मदत करून रात्री तासभर खेळणारी. वेळ मोजला असता तर त्यांच्यावर सरळसरळ अन्याय झाला असता. हा पर्याय मी स्वतः जोर लावून हाणून पाडला आणि त्याबद्दल माझं मत आजही ठाम आहे.

तिसरा पर्याय दुबळ्या पात्राला बोनस. कुठलं पात्र वरच्या दर्जाचं, कुठलं खालच्या, याच्या याद्या नेटवर हव्या तितक्या मिळतात. पण त्या याद्या वरच्या खेळाडूंच्या खेळावर बेतलेल्या असतात आणि प्रत्येक अपडेटला बदलतात. आमच्या लीगमध्ये कुठलं पात्र दुबळं हे ठरवायचं कोणी? त्या वादातच हंगाम गेला असता.

चौथा पर्याय सगळ्यांना पटणारा वाटत होता: प्रत्येक पात्राचा वेगळा गुणांक. मोठ्या खेळांची दिशाही हीच आहे. स्ट्रीट फायटर ५ मध्ये अख्ख्या खात्याला एकच क्रम होता. जून २०२३ मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक पात्राचा क्रम वेगळा झाला, आणि मास्टर पातळीला पोचल्यावर १५०० पासून सुरू होणारा मास्टर रेट हा गुणांकही पात्रागणिक वेगळा. टेकन ८ च्या स्वतःच्या क्रमवारीतही तेच. ब्रॉल स्टार्समध्ये प्रत्येक ब्रॉलरच्या, म्हणजे पात्राच्या, ट्रॉफी वेगळ्या मोजल्या जातात. बुद्धिबळात एकाच माणसाचे क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झचे गुणांक वेगळे असतात, ते आपण सहज मानतो.

मग आम्ही तेच का नाही केलं? जगभरच्या क्रमवारीत रोज लाखो सामने होतात, म्हणून तिथे पात्रागणिक आकडा पटकन पक्का होतो. आमच्या लीगमध्ये एक जण आठवड्याला चार-पाच सामने खेळायचा. टेकन ८ सुरू झाला तेव्हाच त्यात ३२ पात्रं होती. एवढ्या ओळींत मोजके सामने वाटले तर बहुतेक ओळींत दोन-तीन सामने पडतात, आणि त्यावरून काहीच कळत नाही. दुसरी अडचण याहून मोठी. काझुयावाल्यानं नवं पात्र घेतलं की त्या पात्राची ओळ नवख्याच्या १५०० वर सुरू होणार. पण तो नवखा नाही. अंतर राखणं, समोरच्याची चूक दिसताच शिक्षा करणं, भिंतीपाशी काय करायचं ते ओळखणं, हे सगळं तो सोबत घेऊन येतो. तक्ता त्याला खरोखरच्या नवख्यांसमोर उभं करणार आणि ती पोरं मार खाणार. बैलहोंगलचा मुलगा यावर म्हणाला, "हौद्री, मग नवीन पोरं येणारच नाहीत."

आमच्या भागात मैदानावर कुस्तीची जोड ठरवताना वस्ताद पैलवानाचं वजन पाहतात आणि तालमीचं नावही पाहतात. नव्या पोरानं पहिलीच कुस्ती मैदानात धरली तरी तो कुठल्या तालमीत कुणाच्या हाताखाली घोटला गेलाय ते विचारतात. आम्हाला हवं होतं ते हेच: पात्र नवं असलं तरी खेळाडूची तालीम हिशोबात धरणारं गणित.

निर्णय

ठरलं ते असं. प्रत्येक खेळाडूचे 'मूळ गुण' असतील. त्याच्या प्रत्येक पात्राला त्यावर एक 'भर' असेल, ती अधिक किंवा उणे असू शकेल. सामन्याची जोड आणि अपेक्षा दोन्हींच्या बेरजेवरून ठरेल. निकाल लागल्यावर गुण हलतील ते दोन भागांत: ३२ पैकी १० मूळ गुणांत, २२ पात्राच्या भरीत. कधीच न खेळलेलं पात्र उणे १५० पासून सुरू होईल, आणि पहिल्या दहा सामन्यांत त्याची भर दुप्पट वेगानं, म्हणजे २२ ऐवजी ४४ नं, हलेल.

उणे १५० कुठून आलं? शाओयूवालीनं मागच्या हंगामातले व्हॉट्सअॅपवरचे निकालाचे स्क्रीनशॉट एकेक करून उघडले आणि कोण कुठलं पात्र घेऊन खेळलं ते शीटमध्ये भरलं. मग नेहमीचं पात्र सोडून दुसरं घेतल्यावर लोक अपेक्षेपेक्षा किती कमी जिंकले ते काढलं. आकडा कच्चा होता, पण तो आमच्याच सामन्यांतून आलेला होता, त्यामुळे वाद घालायला काहीतरी हातात होतं.

पहिल्या दहा सामन्यांत आकडा जोरात हलू द्यायची कल्पना मार्क ग्लिकमन यांच्या १९९५ च्या ग्लिको पद्धतीतून घेतली. तिथे प्रत्येक गुणांकासोबत त्याची खात्री किती, याचा दुसरा आकडा असतो. नवा खेळाडू १५०० वर आणि मोठ्या अनिश्चिततेसह सुरू होतो, खेळत गेला की अनिश्चितता घटते, बराच काळ न खेळल्यास पुन्हा वाढते. पूर्ण ग्लिको वापरावी असं मला फार वाटत होतं. अण्णांनी विचारलं, "हे मला गल्ल्यावर बसून पोराला समजवता येईल काय?" येणार नव्हतं. ज्याचे गुण गेले त्याला ते का गेले हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, ही अट आम्ही सगळ्यांनी मान्य केली. ग्लिकोतली एक कल्पना ठेवली, बाकी सोडली.

नवा नियम लावून शेवटचा आठवडा पुन्हा मोजला. काझुयावाल्याचे मूळ गुण १६८०, काझुयाची भर अधिक १४०, म्हणून बेरीज तीच १८२०. एडी नवा, म्हणून १५३०. समोर १४२०. आता फरक ४०० चा राहिला नाही, ११० चा झाला. पहिल्या विजयाचे २१ गुण, दुसऱ्याचे १८, तिसऱ्याचे १६. एडी भराभर खाली सरकला म्हणून प्रत्येक पुढचा विजय कमी आश्चर्याचा ठरला. शहापूरचा मुलगा १४७५ वर थांबला. बाकी सगळं तसंच धरलं तर किंगवाला १४९० वर आठवाच राहिला असता. काझुयाच्या ओळीतून ८४ ऐवजी १७ गुण गेले असते. किंगवाल्यानं ती शीट बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "मग शहापूरवाल्याला तरीपण ५५ मिळाले की?" मिळाले, आणि मिळायलाच हवेत. समोर बसलेला माणूस अनुभवी होता, त्याला तीनदा हरवणं ही कमाईच आहे.

त्यानंतरचा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जोड लावायचा आकडा आणि मानाचा आकडा वेगळा केला. जोड कुठल्याही पात्राच्या चालू बेरजेवरून लागेल. पण शेवटच्या आठांत येण्यासाठी एकाच पात्रावर किमान दहा सामने झालेले हवेत, आणि खेळाडूची सर्वांत वरची अशी एक ओळ धरली जाईल. दहा सामने होईपर्यंत त्या ओळीपुढे 'कच्चा लिंबू' असं लिहायचं. त्यामुळे नवं पात्र शिकताना हरलं तर आपल्या मुख्य पात्राचं फारसं नुकसान होत नाही, आणि दोन-चार नशिबाच्या विजयांवर कुणी वर चढत नाही.

अंमलबजावणी

काम वाढलं ते नोंदीचं. आधी पाच डावांच्या लढतीचा एकच निकाल लिहिला जायचा. आता मध्येच पात्र बदललं तर प्रत्येक डाव वेगळा लिहावा लागणार होता. शाओयूवालीनं फॉर्म बनवला, त्यात पात्रांची यादी आधीच दिलेली, टिचकी मारायची आणि स्क्रीनशॉट जोडायचा. हरलेल्यानं फॉर्म भरायचा, जिंकलेल्यानं फक्त 'बरोबर' म्हणायचं, हा तिचाच नियम. त्यानं भांडणं निम्म्यावर आली असं अण्णा सांगतात. खानापुरात पावसाळ्यात लाईट गेली की अर्धवट राहिलेला डाव धरायचा नाही, आधीचे डाव धरायचे. वायफायवर खेळायचं नाही, केबल लावायची. समोरचा वायफायवर आहे का ते टेकन ८ दाखवतो, त्यामुळे ते तपासणं सोपं होतं.

पहिली परीक्षा लवकर आली. निपाणीतला एक जण सुट्टीभर घरी रेइनाचा सराव करून आला. लीगमध्ये ते पात्र त्यानं कधी काढलं नव्हतं, म्हणून उणे १५० पासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात त्यानं मधल्या फळीतल्या चौघांना झोडपलं आणि चौघांनी तक्रार केली. आम्ही हस्तक्षेप केला नाही. दुप्पट वेगानं हलणारी भर त्याच्यासाठीच ठेवली होती, आणि दहा सामन्यांच्या आत त्याची रेइना त्याच्या जुन्या पात्राच्या वर जाऊन बसली. त्या चौघांनी गमावलेल्या गुणांचं काय, हा प्रश्न उरला. त्यांना ते परत मिळाले नाहीत. समितीत यावर एकमत झालं नाही; माझं मत असं होतं की तेवढी किंमत परवडते, शाओयूवालीला ती परवडत नाही असं वाटायचं, आणि तिचा मुद्दा खोटा नव्हता.

अपडेटचा धक्का

एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला टेकन ८ चा दुसरा सीझन सुरू करणारं मोठं अपडेट आलं. पात्रांच्या चाली इतक्या बदलल्या की जगभरचे खेळाडू नाराज झाले, आणि निर्मात्यांना पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. आमचा हंगाम मध्यावर होता.

आता पात्रांच्या जुन्या भरीला अर्थ किती उरला? काहींना सगळे गुण पुसून नव्यानं सुरुवात हवी होती. काहींना काहीच करायला नको होतं. किंगवाला म्हणाला, "पात्र बदललं सर, मी बदललो नाही." दोन भाग वेगळे ठेवल्याचा उपयोग तिथे कळला. मूळ गुणांना हात लावला नाही. भरीचे आकडेही तसेच ठेवले, पण पुढचे दहा सामने सगळ्यांच्या सगळ्या पात्रांची भर पुन्हा दुप्पट वेगानं हलू दिली. ज्याचं पात्र खरंच घसरलं त्याची भर लवकर खाली आली, ज्याचं तगलं त्याचं काही बिघडलं नाही. एकच आकडा असता तर हे जमलं नसतं: वेग वाढवला असता तर माणसाचा सगळा इतिहास हलला असता.

निष्पत्ती

दुसरं पात्र काढणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. आधी पहिल्या दहांतले लोक हंगाम संपेपर्यंत एकाच पात्राला चिकटून बसायचे, कारण नवं काही शिकणं म्हणजे गुण फुकट घालवणं. आता आठवड्यातले एक-दोन सामने शिकण्यासाठी राखले जाऊ लागले. काझुयावाल्याचा एडी मधल्या फळीत स्थिरावला. किंगवाला शेवटच्या आठांत आला आणि पहिल्याच लढतीत शाओयूवालीकडून हरला. ती त्याच्या पकडीखालून खाली बसून निसटत राहिली, आणि त्याच्या वहीत तिच्याबद्दल बहुधा पुरेसं लिहिलेलं नव्हतं.

सगळं जमलं असं नाही. निपाणीच्या गटाला तक्ता किचकट वाटतो आणि ते अजून बोलून दाखवतात. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. शीटवर पात्राची भर उघड दिसायची. आठवीतल्या एका मुलाला योशिमित्सू जीव की प्राण. त्याच्या नावापुढे कितीतरी दिवस 'योशिमित्सू, उणे १८०' असं दिसत होतं. त्याला खेळात ते पात्र नीट चालवता येत नव्हतं हे खरंच होतं, पण आपल्या आवडत्या गोष्टीपुढे रोज उणे चिन्ह पाहणं वेगळं. त्यानं पात्र सोडलं नाही, पण लीगच्या ग्रुपवर बोलणं बंद केलं. हे लक्षात आल्यावर शीटवर फक्त बेरीज दाखवायला सुरुवात झाली, आणि तिच्याशेजारी त्या पात्रानं महिन्याभरात किती गुण कमावले ते. त्या यादीत हा मुलगा एका महिन्यात पहिला आला. त्याचे एकूण गुण तेव्हाही फार नव्हते.

गणिताची एक मर्यादा शेवटपर्यंत राहिली. एलो आणि तिच्या सगळ्या बहिणी असं धरतात की कौशल्य एका सरळ रेषेत मांडता येतं. लढतीच्या खेळात तसं नसतं. एखाद्याची शाओयू सगळ्यांना जड जाते पण एकाच किंगवाल्यासमोर ढेपाळते. आमची भर पात्राचं सरासरी वजन सांगते, कोण कुणाला जड हे सांगत नाही. ते मोजायला जेवढे सामने लागतील तेवढे आमच्याकडे कधीच होणार नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पात्राची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवता आली असती. ती फुकटची माहिती होती, स्क्रीनशॉटमध्ये दिसतच होती. तक्त्यात ती वापरायची की नाही हे नंतर ठरवता आलं असतं. नोंदच नसल्यामुळे शाओयूवालीला शेकडो चित्रं उघडत बसावं लागलं. कुठलीही छोटी लीग सुरू करणाऱ्यांना मी एवढंच आग्रहानं सांगतो की हिशोब कितीही साधा ठेवा, पण कोण, कुणाशी, कुठलं पात्र आणि कुठल्या आवृत्तीवर, हे चार रकाने सोडू नका.

अपडेट आलं तर काय करायचं, हे हंगाम सुरू होण्याआधी लिहून ठेवता आलं असतं. आमचा निर्णय बरा निघाला, पण तो कुणाचं पात्र वर गेलं आणि कुणाचं खाली हे सगळ्यांना दिसत असताना घेतला गेला. ज्यांचं पात्र घसरलं त्यांनी पुसून टाका म्हटलं, ज्यांचं वधारलं त्यांनी राहू द्या म्हटलं. आधी ठरलं असतं तर त्या चर्चेतली कटुता टळली असती. आता नियमांच्या कागदावर दोन्ही भाषांत तो नियम आहे.

शेवटच्या आठवड्यात जागा पक्की झालेले आणि जागेसाठी झगडणारे एकमेकांसमोर येऊ नयेत, असा जोडीचा साधा नियमही करता आला असता. गुणांच्या पद्धतीला हात न लावताही मूळ तक्रारीचा बराचसा भाग त्यानं सुटला असता. समितीत हे कुणाला सुचलं नाही, कारण सगळे गणितात गुंतले होते; सुचवलं ते नंतर अण्णांनी, आणि पुढच्या हंगामात तो नियमही आला.

सध्या अडलंय ते कोल्हापूरच्या मुलांपाशी. त्यांची स्वतःची लीग आहे, एकच आकडा असलेली, आणि त्यांना आमच्यात यायचंय. त्यांच्या आकड्याला आमचे मूळ गुण मानायचं आणि सगळ्या पात्रांची भर शून्य धरायची, असा शाओयूवालीचा प्रस्ताव आहे. किंगवाल्याचं म्हणणं की त्यांच्या नेहमीच्या पात्राला शून्य आणि बाकीच्यांना उणे १५० लावा, नाहीतर ते न शिकलेली पात्रं घेऊन आपल्याकडच्या पोरांना फुकट गुण वाटतील. आधी दहा मैत्रीचे सामने घेऊन दोन्ही पद्धतींनी मोजून पाहायचं ठरलंय.